बर्फखान्यातला मेंढका

बर्फखान्यात गॅस सुटला की माणसं कशी पळतात, ते बघायला भवानी पेठेतली रिकामटेकडी मंडळी मुद्दाम फाटकापाशी येऊन बसायची. आधी आत कुणीतरी खोकायचं. मग एकेक हमाल बाहेर पडायचा. धोतराचा सोगा नाकाशी, डोळ्यांना धारा, जणू सगळ्यांची मिळून एकच सासू वारली आहे. वास असा जहाल, की छपरावरची पाल खाली पडून शिंकायची आणि वरून जाणारा कावळा वळसा घालून जायचा. पालीचं कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. कावळ्याचं मात्र शपथेवर सांगणारे पेठेत पुष्कळ निघाले असते.

त्या उन्हाळ्यात एकदा भर दुपारी असाच गॅस सुटला. सगळे बाहेर आले, खोकून झाले, नाकं शिंकरून झाली, तेव्हा जोतीराम हमालाच्या ध्यानात आलं.

"त्यो नवा मेंढका कुटाय रं?"

दारातून वाकून बघतात तर सिद्धाप्पा आतच उभा. पाठीवर गोणपाट, गोणपाटावर बर्फाची लादी, लादीचं पाणी पाठीच्या पन्हळीतून खाली ओघळतंय, आणि हा बाबा चहूकडं बघत ओरडतोय, "आरं, कुटं मेली सगळी? लादी उतरून घ्या की कुनीतरी! पाठ बधिर झाली माजी!"

बसलिंगप्पा मिस्त्री तोंडाला ओलं फडकं बांधून आत धावला, चाक फिरवून नळी बंद केली आणि लाल डोळ्यांनी सिद्धाप्पापुढं येऊन उभा राहिला. मिस्त्री अक्कलकोटाकडचा. राग आला की आधी कानडीत यायचा.

"एन माडती रे? काय करतोस हितं? वास येत न्हाय तुला?"

"येतोय की."

"मग पळाला का न्हाईस?"

"पळायचं कशाला? मेंढरांच्या वाड्यात पहाटं ह्योच वास असतोय. मूत तुंबलं म्हंजी जरा जास्ती. आमी त्यातच जन्मलो, मिस्त्री."

मिस्त्री त्याच्याकडं बघतच राहिला. या मशीनवर आजवर जे जे मदतनीस आले ते गॅसचा पहिला भपकारा बसताच पगारसुद्धा न मागता गेले होते. आणि इथं एक माणूस लादी पाठीवर घेऊन गॅसमध्ये असा उभा, जसा लग्नाच्या मांडवात.

"लादी टाक खाली," मिस्त्री म्हणाला. "उद्यापास्नं मशीनवर ये. बारो!"

सिद्धाप्पाचं गाव मोडनिंबाच्या पलीकडं, माळावर. आदल्या साली पाऊस फिरकला नाही, आणि थंडीत मेंढरांना देवी आल्या. रोज सकाळी वाड्यात चार-दोन पाय वर झालेले दिसायचे. उरलेल्या कळपावर दोन भावांचं पोट चालणार नाही हे दोघांनाही कळत होतं. शेवटी धाकट्या सिद्धाप्पानंच काठी थोरल्या धुळाप्पाच्या पुढ्यात ठेवली. "दादा, तू राख. मी बघतो काय तरी." म्हातारी केराबाई आणि बायको बाळाबाई यांना घेऊन तो सोलापुरात आला. पेठेत विणकरांच्या चाळीत एक खोली मिळाली. बाळाबाई शेजारच्या सावित्रम्माकडून सूत आणून कांड्या भरायला लागली, आणि सिद्धाप्पा बर्फाच्या लाद्या वाहायला.

लादी वाहणं म्हणजे काम नव्हे, शिक्षा. बाहेर ऊन असं की डोक्यावर पापड भाजावा, आणि पाठीवर बर्फ. पोटाला घाम, पाठीला काकडा. रात्री बाळाबाई एरंडेल कोमट करून पाठ चोळायची, तर हाताला कातडं लागायचं गोठलेल्या लोण्यासारखं. म्हणून मशीनवर जायचं म्हटल्यावर खोलीत पहिल्यांदा गोड झालं. केराबाईनं मात्र तोंड वाकडं केलं.

"यंत्राचं तेल पुसाय मेंढरं सोडलीस व्हय?"

"आयं, मेंढरं मेली. मी सोडली न्हाईत."

मशीन म्हणजे एक काळं धूड होतं. भलंमोठं चाक, त्यावर हात-हात रुंद पट्टा, आत-बाहेर करणारा दांडा, आणि तिथून निघालेल्या नळ्या. काही नळ्या हौदाकडं जायच्या. हौदात मिठाचं पाणी, त्यात गोड्या पाण्याचे उभे डबे, वर लाकडी झाकणं. त्या नळ्यांवर भर वैशाखात पांढरं दव गोठलेलं असायचं. दुसऱ्या नळ्या छपरावर जायच्या, आणि त्यांना हात लावला तर चटका बसायचा.

"आता सांग," मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "गारवा कुटनं येतो?"

"मशीन करतं."

"कुनीबी गारवा करत न्हाय. ध्यानात ठेव. पान्यातली ऊब काडायची आन् वर छपरावर नेऊन टाकायची. गॅस ती घेऊन जातो, वर टाकतो, मोकळा होऊन परत येतो. उरतो त्यो गारवा."

सिद्धाप्पानं डोकं खाजवलं. हौदाकडं पाहिलं, मग छपराकडं.

"म्हंजी ऊब चाराय न्यायची!"

"काय?"

"मेंढरं न्हाईत का? खालच्या रानातनं वरच्या रानात. गॅस म्हंजी मेंढका. ऊब म्हंजी कळप."

मिस्त्रीला हे फारसं पसंत पडलं नाही, पण खोडता येईना. "यप्पा," एवढं म्हणून तो तेलाची झारी त्याच्या हातात देऊन निघून गेला.

मग सिद्धाप्पा शिकत गेला. दांडा आत शिरतो तिथलं पॅकिंग किती आवळायचं, पट्टा सैल पडला हे आवाजावरून कसं ओळखायचं. हाताला काळं तेल लागलं ते जेवताना भाकरीलाही लागायचं, आणि तो भाकरी तशीच खायचा. हळूहळू त्याच्या छातीत थोडी हवा भरली होती. पेठेत कुणी विचारलं की सांगायचा, "गॅसचा वास मलाच झेपतो. मिस्त्री फडकं बांधतो. आपुन मोकळ्या नाकानं." पुढं-पुढं तर तो सांगायला लागला की वासावरून मशीनचं दुखणंखुपणं त्याला कळतं. बाळाबाई कांड्या भरता-भरता म्हणायची, "नाकाची एवडी तारीफ करू नका. दृष्ट लागंल."

लागली ती अशी.

वैरागच्या एका बड्या अडत्याच्या घरी लग्न होतं. सरबताला, फुलांना, पाहुण्यांच्या डोळ्यांत भरायला बर्फ पाहिजे होता, आणि तो भुशात बांधून मोटारीनं पाठवायचा होता. बर्फखान्याच्या रुद्रप्पा मालकानं स्वतः येऊन बजावलं होतं. त्या दुपारी मिस्त्री तेलाची पिंपं सोडवायला स्टेशनावर गेला, मशीन सिद्धाप्पाच्या हवाली करून.

दुपार तापली. पट्ट्याचा एकसुरी आवाज. सिद्धाप्पा मागच्या गार नळीला पाठ टेकून बसला, मांडीवर तेलाची झारी. आणि हळूहळू त्याला फार बरं वाटायला लागलं. पहाटेचा वाडा आठवला. काट्याच्या कुंपणावर दव, घोंगडीखाली ऊबदार कोकरू, त्याचं ओलं नाक आपल्या काखेत. धुळाप्पा शेकोटी फुंकतोय. मेलेली सगळी मेंढरं परत येऊन भोवती बसली होती, देवीचा एकही फोड अंगावर नसलेली. त्यानं छातीभर वास घेतला. आणखी घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याला घरच्या आठवणीचं वाटलं.

मिस्त्री परतला तो दारातच अडखळला. "यप्पा!" करून त्यानं उपरणं तोंडावर ओढलं. सिद्धाप्पा ज्या नळीला टेकून बसला होता, तिचाच सांधा त्याच्या मानेमागं फुसफुसत होता. किती वेळ, देव जाणे. निम्मा गॅस हवेत गेला होता. डबे वर काढले, कोमट पाण्यात बुडवून उलटे केले, तर लादीऐवजी बर्फाचं पातळ कवच आणि आतून भळाभळा पाणी. वैरागची मोटार फाटकात उभी होती.

रुद्रप्पा मालक आला. हमाल गोळा झाले.

"वास आला न्हाय तुला?" मिस्त्रीनं अगदी हळू विचारलं. त्याच्या हळू बोलण्याचीच जास्त भीती वाटत होती.

"आला की."

"मग?"

सिद्धाप्पानं खाली पाहिलं. खोटं बोलायचं सुचलं असतं तर बोलला असता. पण त्याला तेवढ्यात काही सुचलं नाही.

"घरचा वाटला."

मग जोतीराम हसला, आणि एकदा तो हसल्यावर बाकीचे कशाला थांबतात! वैरागच्या मोटारीचा ड्रायव्हरसुद्धा हसला. हसला नाही तो मालक. "मेंढक्याला मशीनवर कुनी घातला?" त्यानं मिस्त्रीला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "उद्यापास्नं लाद्या."

पुढचे दिवस वाईट गेले. पाठीवर पुन्हा गोणपाट आलं. फाटकातून आत शिरला की कुणीतरी "बेंऽऽ" करायचं, लादी उचलली की दुसऱ्या कोपऱ्यातून "बेंऽऽ". चाळीतली पोरं करायला लागली. पानवाला पान देताना विचारायचा, "घरचा लावू का?" सिद्धाप्पा पान घेऊन चालू पडायचा. दात असे आवळून धरायचा की रात्री जबडा दुखायचा.

केराबाईला हे बघवेना. मोडनिंबच्या बाजाराला जाणाऱ्या एका माणसाकडून तिनं धुळाप्पाला सांगावा धाडला, भावाला घेऊन जा म्हणून. बाळाबाईला कळलं तेव्हा तिनं चरखा थांबवला.

"आत्ती, तुमी जावा. मी न्हाय येत. ह्येंच्या पाठीवर 'बें' चिकटलंय. गावाकडं नेलं तर जन्मभर तसंच ऱ्हाईल. हितंच काडलं पायजे."

मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "आन् तुमी दात खाऊ नका. मिस्त्रीला जाऊन इचारा, वासानं कळत न्हाय तर कशानं कळतं?"

सिद्धाप्पानं दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत विचारलं. मिस्त्री कांदा फोडत होता. अर्धा सिद्धाप्पाच्या भाकरीवर ठेवला.

"नाकावर भरवसा ठेवलास त्यो तुजा गुन्हा न्हाय," म्हणाला. "मीबी ठेवला. तुज्या नाकावर. लहानपनापास्नं त्या वासात ऱ्हाऊन नाक बहिरं झालंय तुजं. पळत न्हाईस म्हंजी वास झेपतोय, असं मला वाटलं. तुला नीट येतच नव्हता." त्यानं खिशातून एक पिवळी वात काढली. सुताला गंधक पाजलेलं. "ही पेटवायची आन् सांध्यासांध्याला फिरवायची. जितं गळती, तितं पांढरा धूर उठतो. नाक घरी ठेवलं तरी चालतं."

"मग ही मला आदी का न्हाय दावली?"

"तू लई फुशारक्या मारत होतास. मलाबी खरं वाटलं."

त्या दिवसापासून भाकरीच्या सुट्टीत, मालक जेवायला गेला की, सिद्धाप्पा अर्धी भाकर तोंडात कोंबून मशीनपाशी जायचा. वात पेटवायचा. गंधकाच्या धुरानं घसा खवखवायचा, बोटं भाजायची. मिस्त्री मुद्दाम एखादा सांधा किंचित ढिला करून ठेवायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा. सिद्धाप्पा प्रत्येक सांध्याभोवती वात फिरवत जायचा, जणू खरूज शोधतोय मेंढराच्या लोकरीत. कुठंतरी एकदम पांढरा पिसारा उठायचा. "हितं!" पाना लावायचा, आवळायचा, परत वात धरायचा. धूर नाही. मग तो पळत जाऊन लादी उचलायचा आणि कोपऱ्यातून "बेंऽऽ" ऐकायचा.

एका सकाळी धुळाप्पा आला. एकटा आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण तो चाऱ्यासाठी कळप घेऊन अक्कलकोटाकडं निघाला होता, आणि वाटेतच भावाला उचलावं म्हणून सगळी मेंढरं भवानी पेठेतून घेऊन आला. बर्फखान्यापुढची गल्ली लोकरीनं भरली. टांगेवाले शिव्या देत होते. सांगणारे आता पाचशे मेंढरं सांगतात. तेवढी असती तर सिद्धाप्पा शहरात आलाच नसता. पण गल्लीत मावत नव्हती, हे खरं.

खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेऊन धुळाप्पा फाटकात उभा राहिला. "सिदा, चल. खोलीवर आय रडतीया."

"न्हाय येत, दादा."

"हितं लोक तुला बें करत्यात म्हनं."

"करत्यात."

तेवढ्यात रुद्रप्पा मालक आला. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला भस्म. गल्लीतून मेंढरांच्या अंगाला अंग घासत यावं लागल्यामुळं आधीच चिडलेला. सिद्धाप्पा पाठीवरची लादी खाली ठेवून त्याच्यापुढं गेला.

"मालक, मला मशीनवर घ्या. गळती शोदायला शिकलोय आता. वातीनं."

"कुनी शिकवलं?"

"मी शिकवलं," मशीनच्या दारातून मिस्त्री म्हणाला. "मला मदतनीस पायजे, आन् दुसरा कुनी टिकत न्हाय."

मालकानं मिस्त्रीकडं पाहिलं, मग भोवती जमलेल्या हमालांकडं. आपण नरम पडलो असं या लोकांना वाटता कामा नये, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्याला एक युक्ती सुचली आणि तो हसला.

"बरं. घेतो. पर आदी सगळ्यांपुडं बें करून दाव. मेंढका हाईस न्हवं? कर. आन् चढ मशीनवर."

हमाल सरसावून उभे राहिले. जोतीरामनं दुसऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. सिद्धाप्पाची नजर आत गेली. मशीन तिथंच होतं, पाच पावलांवर, पट्टा फिरत होता. एक "बें". कोण जाणे, जन्माचं काम होऊन जाईल. मागं धुळाप्पाची काठी जमिनीवर एकदा आपटल्याचा आवाज आला.

"मालक," सिद्धाप्पा म्हणाला, "बें मेंढरू करतंय. मेंढका न्हाय करत. मेंढका करतोय ते आयकायचंय?"

"कर की, काय करायचं ते कर!"

सिद्धाप्पानं तोंडाभोवती हात धरले, जीभ टाळूला लावली आणि हाक घातली. "ह्योऽऽ! अर्र्र्र ह्योऽऽ!" माळावर ही हाक ओढा ओलांडून पलीकडच्या टेकाडावर जाते. पत्र्याच्या छपराखाली तिनं काय केलं ते विचारू नका. छपरावरचा गंज खाली आला म्हणतात.

गल्लीतली मेंढरं एकदम वळली आणि फाटकातून आत घुसली. आधी पुढची, मग मागच्यांच्या रेट्यानं सगळीच. हमाल लाद्यांच्या मागं पळाले. हौदाच्या लाकडी झाकणांवर खुरांचा असा ताशा वाजला, की पेठेत कुणाची तरी वरात आली असं लोकांना वाटलं. भिंतीकडेला मिठाची पोती रचलेली होती. मिठाचा वास लागताच निम्मा कळप त्यांना चिकटला आणि पोती चाटून चाटून ओली करू लागला. एका एडक्याला काचेसारख्या स्वच्छ लादीत आपल्यासारखाच दुसरा एडका दिसला. तो चार पावलं मागं सरला, डोकं खाली घातलं आणि धडकला. लादी दुभंगली. आता एकाचे दोन एडके झालेले पाहून तो आणखीच पेटला.

रुद्रप्पा मालक लाद्यांच्या ढिगावर चढला होता. धोतर बुडाशी भिजून पारदर्शक व्हायच्या बेतात होतं.

"काड! काड बाहीर ह्यास्नी!"

"मी हमाल हाय, मालक," सिद्धाप्पा म्हणाला. त्यानं हात पाठीमागं बांधले. "लादी उचलायला सांगा, उचलतो. मेंढरं हाकायचं हमालाचं काम न्हाय."

मालक धुळाप्पाकडं वळला. "ए बाबा, तुजी मेंढरं हाईत न्हवं? तू काड!"

धुळाप्पा भावाला न्यायला आला होता. आल्यापासून तो फाटकात उभा राहून सगळं बघत होता. त्यानं हनुवटी काठीवर टेकवली आणि सावकाश म्हणाला, "भावानं बोलावली मालक. भाऊ म्हनंल तवा जातील. माज्या भावाला बें कराय लावलं तुमी."

तिकडं एडक्यानं दुसरी लादी फोडली.

"काय पायजे तुला?" मालक ओरडला.

"मशीन."

"आन् परत चुकलास तर?"

"चुकीन की. पर त्या चुकीनं न्हाय. नव्या चुकीनं."

"चढ, बाबा! चढ! पर आदी ही पिडा काड!"

"आन् आजपास्नं हितं कुनी बें करायचं न्हाय."

"न्हाय करनार! आरं, बसलिंगप्पा, सांग त्याला!"

मिस्त्री सांगायच्या स्थितीत नव्हता. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

सिद्धाप्पानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. धुळाप्पा काठी उंचावून फाटकातून मागं सरला. कळप वळला, एकमेकांच्या पाठीवर चढत बाहेर गेला. गल्लीत जाऊन धुळाप्पा थांबला आणि भावाकडं पाहिलं. विचारायचं काही उरलं नव्हतं. "आयला सांगतो," एवढंच तो म्हणाला, घोंगडी खांद्यावर सारखी केली आणि चाळीवरून पुढं अक्कलकोटाच्या रस्त्याला लागला.

सिद्धाप्पानं हात-तोंड धुतलं. मिस्त्रीकडून वात घेतली, पेटवली आणि पहिल्या सांध्यापासून सुरुवात केली. मागं हौदाजवळ कसलीशी झटापट चालली होती. एक मेंढी अजून मिठाच्या पोत्याला तोंड लावून बसली होती, आणि रुद्रप्पा मालक तिला कान धरून ओढत होता.

"ए सिद्धाप्पा! ही ऱ्हायली की एक! हिला काड!"

सिद्धाप्पानं वातीवरची नजर काढली नाही. पुढच्या सांध्याकडं सरकत म्हणाला, "मी ड्युटीवर हाय, मालक."

मालकानं कान सोडला, धोतराचा काचा मारला आणि मेंढीला मागून ढकलायला सुरुवात केली.